बंगळूरची पिस्तुलं १० मीटरवरच का थांबतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये देहरादूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात १० मीटर एअर पिस्तुलाच्या मैदानात ऑलिंपिक पदकवाला सरबज्योत सिंग होता, आशियाई सुवर्णपदकवाला सौरभ चौधरी होता, सैन्यदलाचे मुरलेले नेमबाज होते. सुवर्ण नेलं बंगळूरच्या १५ वर्षांच्या जोनाथन गॅव्हिन अँटनीने. दहावीच्या वयाचा मुलगा २४०.७ गुण करतो आणि रविंदर सिंग, गुरप्रीत सिंग अशी नावं त्याच्या खाली लागतात, ही बातमी त्या दिवशी क्रिकेटच्या गर्दीत चार ओळींत आटोपली.

त्याआधी २०२२ च्या अखेरीस भोपाळच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचं एअर पिस्तूल कर्नाटकच्या दिव्या टी. एस. हिने जिंकलं होतं. दिव्या मूळची बास्केटबॉलची. पुढे मे २०२३ मध्ये बाकूच्या विश्वचषकात सरबज्योतबरोबर मिश्र सांघिक सुवर्ण आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र सांघिक रौप्य तिने मिळवलं. आणखी मागे गेलं की प्रकाश नंजप्पा दिसतो. कॅनडातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तो बंगळूरला परतला. वडील पापण्णा स्वतः नेमबाज, त्यामुळे घरात पिस्तूल होतंच. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात पदक, त्याच वर्षी स्पेनमध्ये स्पर्धेच्या ऐन वेळी चेहऱ्याला लकवा, तरी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलात रौप्य आणि इंचॉन आशियाई स्पर्धेत सांघिक कांस्य.

तीन माणसं, तीन पिढ्या म्हणाव्यात इतकं वयाचं अंतर, पण ही सगळी पदकं एकाच प्रकारातली: १० मीटर, छर्रा, ताशी शंभर विचार करायला मोकळा वेळ. त्याच शहराची २५ मीटरवरची, घड्याळाशी भांडत गोळ्या झाडणारी नावं आठवायला बसलं तर यादी लांबत नाही. आणि जगभर ज्याला ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजी म्हणतात, पिस्तूल होल्स्टरमधून काढून, धावत, वळत, मॅगझिन बदलत मारायचं, त्याचा राष्ट्रीय विजेता तर आपल्याकडे वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कधी भेटतच नाही. हा फरक गुणवत्तेचा आहे असं मला वाटत नाही. तो छर्रा आणि काडतूस यांच्यातला आहे, आणि त्याची मुळं रेंजवर कमी, परवान्याच्या फायलीत जास्त आहेत.

आधी हा प्रॅक्टिकल प्रकार काय आहे ते नीट पाहू, कारण आपल्याकडे त्याबद्दल दोनच मतं आढळतात: एक, ‘हा तर सिनेमातला प्रकार’, दोन, ‘खरी नेमबाजी हीच’. दोन्ही मतं रेंजवर न गेलेल्यांची.

मे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आयपीएससी. पहिला अध्यक्ष जेफ कूपर. ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं: अचूकता, जोर, वेग. यातला मधला शब्द लक्षात ठेवा, आपल्या देशात सगळं घोडं तिथेच अडतं.

समजा १२ गोळ्यांचा एक छोटा टप्पा आहे. सहा कागदी लक्ष्यं, प्रत्येकावर दोन गोळ्या. नेमबाजांना आधी काही मिनिटं रिकाम्या हातांनी आत फिरू देतात. ही पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. मोठी माणसं हातात नसलेलं पिस्तूल दोन्ही हातांनी धरून पावलं मोजत असतात, एका फळीआडून डोकावतात, मागे येतात, पुन्हा डोकावतात, मॅगझिन कुठल्या पावलाला बदलायचं ते पुटपुटत ठरवतात. मग एकेकाचं नाव पुकारलं जातं. पंच म्हणतो, ‘लोड अँड मेक रेडी’. नेमबाज मॅगझिन चढवतो, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवतो, हात सोडतो. ‘आर यू रेडी?’ ‘स्टँडबाय.’ एक ते चार सेकंदांची शांतता आणि पंचाच्या हातातलं टायमर वाजतं. पुढचे आठ-दहा सेकंद इतक्या वेगात जातात की नवख्या माणसाला फक्त कवचं उडताना दिसतात. शेवटी पंच बंदूक रिकामी असल्याचं स्वतः डोळ्यांनी पाहतो आणि मगच ‘रेंज इज क्लिअर’ म्हणतो. पळताना बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर हवं, नळी समोरच्या ९० अंशांच्या रेषेपलीकडे वळता कामा नये, पिस्तूल हातातून पडलं तर स्पर्धा तिथेच संपली. घरचं तिकीट. विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्यालाही सूट नाही.

गुण मोजायची रीत आपल्या नेमबाजाला पचायला जड जाते. लक्ष्याच्या मधल्या भागाला पाच गुण, त्याच्या बाहेरच्या पट्ट्याला कमी जोराच्या काडतुसाने तीन, कडेला एक. हे सगळे गुण मिळवायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. एकाने बाराच्या बारा गोळ्या मधोमध घातल्या, ६० गुण, वेळ १० सेकंद: भागाकार ६. दुसऱ्याने नऊ मधोमध, तीन पट्ट्यात, म्हणजे ५४ गुण, पण वेळ ८ सेकंद: भागाकार ६.७५. टप्पा दुसऱ्याचा. पहिल्याला त्या टप्प्याच्या गुणांपैकी साधारण ८९ टक्केच पदरात पडतात. तिसरा आणखी घाई करून ७ सेकंदांत आला पण एक गोळी हुकली, तर त्या गोळीचे पाच गेले, वर दंडाचे दहा गेले, ४५ भागिले ७, म्हणजे ६.४ च्या आसपास. तो मधे राहिला. या खेळात राष्ट्रीय विजेता व्हायचं म्हणजे अशा टप्प्यांमागून टप्प्यांत आपल्याला किती घाई परवडते याचा हिशेब अंगात मुरवायचा. जागतिक स्पर्धेत तर असे ३० टप्पे असतात. सगळे टप्पे जिंकणारा सहसा कुणी नसतो. एकाही टप्प्यात न कोसळणारा वर येतो.

आपल्याकडे नेमबाज घडतो तो ६०० पैकी किती, या प्रश्नावर. १० मीटर एअर पिस्तुलात ६० छर्रे, ७५ मिनिटं. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. एक हात पिस्तुलाला, दुसरा खिशात. छर्रा सुटला की हात खाली, श्वास, पुन्हा वर. नको वाटलं तर न मारता हात खाली आणायची मुभा. उलट, घाईत मारलेला छर्रा हेच इथलं पाप. इथल्या प्रशिक्षकाने वर्षानुवर्षं जे मोडून काढलं ते प्रॅक्टिकलमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं. म्हणून एअर पिस्तुलाचा राष्ट्रीय विजेता तिकडे आपोआप चमकेल हा समज भाबडा आहे. ट्रिगर मात्र तो उत्तम ओढेल, यात शंका नाही.

या दोन टोकांच्या मधे आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत २५ मीटरचे प्रकार आहेत, आणि प्रॅक्टिकलचे खरे चुलत भाऊ तेच. रॅपिड फायर पिस्तुलात समोर पाच लक्ष्यं ओळीने. हात ४५ अंशांत खाली. हिरवा दिवा लागला की हात वर आणि पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांची मालिका जवळून पाहिली की कळतं, पहिल्या गोळीला जवळजवळ निम्मा वेळ जातो आणि उरलेल्या चार गोळ्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या तालावर जातात. ताल चुकला की चौथी गोळी सातात. सेंटर फायरमध्ये पहिल्या ३० गोळ्या निवांत, पुढच्या ३० लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं अशा. महिलांचं २५ मीटर पिस्तूलही याच चालीचं, फक्त काडतूस .२२ चं. स्टँडर्ड पिस्तुलात पाच गोळ्यांना आधी १५० सेकंद, मग २०, मग १०.

भारताने यात काय केलं? कमी नाही. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुलात मुंबईच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायरचं सुवर्ण जिंकलं. १९९४ ला हिरोशिमात जसपाल राणाने याच प्रकारात आशियाई सुवर्ण घेतलं, २००६ च्या दोह्यात तीन सुवर्णं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने रॅपिड फायरचं रौप्य आणलं. अंतिम फेरीत ४० पैकी ३० गोळ्या ‘लागल्या’ धरल्या गेल्या, आणि ९.७ च्या आतली गोळी तिथे लागली धरतच नाहीत. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलात अनीश भानवालाने १५ व्या वर्षी रॅपिड फायर जिंकलं.

या यादीत सैन्याचा हात स्पष्ट दिसतो. विजय कुमार डोग्रा रेजिमेंटचा, घडला महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या युनिटने पिस्तुलाला जे दिलं ते कुठल्याही खासगी क्लबला देता आलं नाही: रोजची काडतुसं. हिशेब साधा आहे. दिवसाला १०० गोळ्या आणि वर्षाचे २५० सरावाचे दिवस धरले तर २५ हजार काडतुसं. सैनिकाला ती मोजून मिळतात. बंगळूरच्या अभियंत्याच्या मुलाला ती संघटनेच्या कोट्यातून, आयात करून, परवान्यावर नोंदवून, खर्चाचा हिशेब देऊन मिळवावी लागतात. हंगेरीच्या कारोली टाकाचची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक प्रेरणादायी भाषणात येते: १९३८ ला हातबॉम्बने उजवा हात गेला, डाव्या हाताने शिकला, १९४८ आणि १९५२ ला रॅपिड फायरचं ऑलिंपिक सुवर्ण. गोष्ट खरी आहे. फक्त वक्ते हे सांगत नाहीत की तो सैन्यातला होता.

आणि मग राही सरनोबत. कोल्हापूरच्या या मुलीने बंदूक पहिल्यांदा हाताळली ती शाळेत एनसीसीत. नेमबाज तेजस्विनी सावंतचं यश गावात ताजं होतं, दुधाळीची रेंज होती. २००८ ला पुण्याच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण, २०१० ला दिल्लीत अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण, २०१३ ला चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण, २०१४ ला ग्लासगोत राष्ट्रकुल सुवर्ण. मधे कोपराच्या दुखापतीने तिला मोडायला आणलं होतं. २०१८ च्या जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नफस्वान यांगपायबूनशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिला शूटऑफ पुन्हा बरोबरीत, चार-चार. दुसऱ्यात राही तीन, थायलंड दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तो शूटऑफ पुन्हा पाहिला की जाणवतं, प्रॅक्टिकलवाले ज्याला वेगाखालची अचूकता म्हणतात ती या मुलीने एका हाताने, जागेवरून न हलता, आशियासमोर दाखवली होती. मला विचाराल तर भारतीय पिस्तुलाचा सर्वांत मोठा क्षण लंडन किंवा पॅरिस ऑलिंपिकमधला नाही, हा आहे. पदकांच्या उतरंडीत आशियाई सुवर्ण ऑलिंपिकखाली बसतं म्हणून आपण तो विसरतो.

मग कोल्हापूरला जे जमलं ते बंगळूरला का जमू नये? पैशांचा प्रश्न बंगळूरला निश्चित नाही. स्विस मोरिनी किंवा ऑस्ट्रियन स्टायर एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं आणि इथले पालक ते घेतात. सराव मोजणारी स्कॅटसारखी यंत्रणा, जी नळीला लावली की ट्रिगर दाबण्याआधीचा हाताचा थरथराट पडद्यावर रेघ काढून दाखवते, ती या शहरात नवलाईची नाही. सॉफ्टवेअरच्या गावाला हा आलेख वाचायला शिकवावा लागत नाही. उन्हाळी शिबिरं आहेत, खासगी अकादम्या आहेत, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साईचं) केंद्र आहे. पण हे सगळं १० मीटरच्या खोलीत मावतं. मंगल कार्यालयाच्या वरचा मजला, शाळेचं तळघर, अपार्टमेंटची गच्ची, कुठेही १० मीटरची रेंज होते. छर्रा शिशाचा, मागे लोखंडी सापळा, झालं.

२५ मीटरच्या बारुदाच्या रेंजला जागा लागते, गोळी अडवणारी भिंत लागते, आजूबाजूला वस्ती नसावी लागते, पोलिसांची परवानगी लागते, शस्त्रं आणि काडतुसं ठेवायला कुलूपबंद खोली, नोंदवही आणि जबाबदार माणूस लागतो. बंगळूरच्या जमिनीच्या भावात ती जागा कोण ठेवणार? पुण्याला बालेवाडी मिळाली ती १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने सरकारने बांधली म्हणून. सरकारने बांधलेलं असं काही शहराजवळ असेल तरच २५ मीटरचा नेमबाज वाढतो. खासगी उत्साहावर तो वाढत नाही.

आता कायदा. इथेच सगळ्या प्रश्नाची गाठ आहे, म्हणून जरा थांबू.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी हवेच्या बंदुकांना एक मोकळीक ठेवली आहे. व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेत आरामात बसतं. त्या एका ओळीवर भारतीय पिस्तूल नेमबाजीचा सगळा नवा पाया उभा आहे. बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या आज्या साठी उलटल्यावर पिस्तूल शिकल्या ते त्यामुळेच, आणि बंगळूरचा १५ वर्षांचा जोनाथनही त्यामुळेच. ही रेघ ओलांडली की दुसरं राज्य सुरू होतं. परवान्याचा अर्ज, पोलिसांची चौकशी, संघटनेची शिफारस, गुणांची किमान अट, ‘रिनाउन्ड शॉट’चं, म्हणजे नामवंत नेमबाज असल्याचं प्रमाणपत्र, आयातीची परवानगी. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नेमबाजांना वेगळी सवलत ठेवली खरी, पण ती सवलत नेमबाज झाल्यावर मिळते. नेमबाज होण्यासाठी मिळत नाही.

प्रॅक्टिकलचं कुलूप तर आणखी एक आहे. त्या खेळात गोळीचा जोर मोजतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. उत्तर किमान १२५ यायला हवं, नाहीतर गुण धरत नाहीत. स्पर्धेत तुमचीच काडतुसं घेऊन वेगमापकावर झाडून बघतात. जगभरचे खेळाडू यासाठी नऊ मिलिमीटरचं काडतूस वापरतात: १२४ ग्रेनची गोळी, सेकंदाला १०५० फूट, उत्तर १३०. मस्त. भारतात नऊ मिलिमीटर हे सैन्य-पोलिसांचं काडतूस, म्हणून ते ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं. सामान्य परवान्यावर मिळत नाही. सामान्य परवान्यावर सहसा जे मिळतं ते .३२. कानपूरचं रिव्हॉल्व्हर, ‘अशनी’ पिस्तूल, तेच ते. .३२ पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनची, वेग ९०० फुटांच्या आसपास. करा गुणाकार. ६४ सुद्धा धड येत नाही, लागतात १२५. म्हणजे भारतातल्या परवानाधारकाने कपाटातलं हे .३२ पिस्तूल काढून प्रॅक्टिकलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जायचं म्हटलं तर तो पहिल्या टप्प्याच्या आधी, वेगमापकाच्या टेबलावरच बाद होतो. सेंटर फायरचं स्पर्धेचं .३२ काडतूस थोडं जड आहे, पण तेही त्या रेषेपासून बरंच लांब राहतं. खेळाडूची हौस, शिस्त, हातातलं कसब यांचा प्रश्नच येत नाही.

कायदा मूर्ख आहे असं म्हणण्याचा मोह इथे होतो. मला तो पूर्ण पटत नाही. ज्या देशात लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडून माणसं मरतात आणि निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घ्यावी लागतात, तिथे नऊ मिलिमीटर सरसकट खुलं करा ही मागणी कोणी केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन. पण सरसकट बंदी आणि सरसकट खुलं यांच्या मधे क्लबच्या नावावर, क्लबच्या तिजोरीत, क्लबच्याच रेंजवर वापरायचं शस्त्र ही जागा आहे. बऱ्याच देशांनी ती भरली आहे. आपण ती सैन्य आणि पोलिसांसाठी भरली, नागरिकासाठी जवळजवळ रिकामी ठेवली.

गंमत म्हणजे बंदुकीबाबत देशातला सर्वांत उदार अपवाद बंगळूरपासून काही तासांच्या अंतरावरच आहे. कोडगूच्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली, २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कैलपोळ्द सणाला तिथे बंदुकांची पूजा होते, मग उंच झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा लागतात. म्हणजे नागरिकाच्या हातात शस्त्र, गावासमोर स्पर्धा आणि तरीही शिस्त, हे कर्नाटकात अशक्य नाही. ते एका जमातीच्या परंपरेपुरतं मान्य आहे, क्रीडासंस्थेपुरतं नाही.

प्रोत्साहनाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण खेळाडू शेवटी घर चालवणारा माणूस असतो. राष्ट्रीय रायफल संघटना जोडलेली आहे ती ऑलिंपिकच्या नेमबाजी महासंघाला. प्रॅक्टिकलची संघटना वेगळी, ऑलिंपिकबाहेरची, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्रकारांत तिला स्थान नाही. नोकरी, बक्षिसं, अर्जुन पुरस्कार, सगळं ऑलिंपिकच्या वाटेने चालतं. राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पॅरिसच्या कांस्यानंतर अधिकारी झाला. तो रायफलवाला, पण नियम तोच. १६ वर्षांच्या मुलाने प्रॅक्टिकलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंच, तर सरकारी क्रीडा कोट्याच्या अर्जात ते कुठल्या रकान्यात भरायचं? एवढा एक प्रश्न शंभर हुशार मुलांना पुन्हा एअर पिस्तुलाकडे वळवायला पुरेसा आहे. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आपल्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात मात्र इतकी अरुंद मनाची नव्हती. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी. मावळंकरांचं घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठी आजही जी अखिल भारतीय स्पर्धा होते ती त्यांच्या नावाची. जिल्हा, राज्य, मावळंकर, राष्ट्रीय: अजूनही बहुतेकांची शिडी हीच. नवख्यांसाठी सोप्या नियमांचे प्रकार, ठरावीक किमान गुण केले की वरच्या वर्गात प्रवेश. ही व्यवस्था चांगली चालते, इतकी की राष्ट्रीय स्पर्धेत आता हजारोंनी नेमबाज येतात आणि कित्येक दिवस रेंज सकाळपासून भरलेली असते. पण गर्दी कुठे आहे? १० मीटरवर. २५ मीटरच्या रॅपिड फायरमध्ये अजूनही सैन्य, निमलष्करी दलं आणि घरात आधीच शस्त्राची परंपरा असलेले थोडे लोक. सेंटर फायर आणि स्टँडर्ड ऑलिंपिकमध्ये नाहीत, त्यामुळे तिथे हौस आणखी पातळ. गुरप्रीत सिंगने २०१८ मध्ये जागतिक स्पर्धेत स्टँडर्ड पिस्तुलाचं रौप्य आणलं तेव्हा ते किती लोकांच्या लक्षात राहिलं? तो सैन्यदलाचाच.

प्रॅक्टिकलचं पुढे काय व्हावं? दोन टोकाची मतं मी ऐकली आहेत. एक म्हणतं, पोलिसांना याचं प्रशिक्षण मिळतं तेवढं पुरे. दुसरं म्हणतं, फिलिपिन्सने जागतिक दर्जाचे खेळाडू घडवले, थायलंडने २०२२ ला पट्टायात जागतिक स्पर्धा भरवली, आपण का मागे? फिलिपिन्सची तुलना मला लागू वाटत नाही. तिथे नागरी शस्त्रधारणेचं चित्रच वेगळं आहे, आणि त्याची किंमतही त्या समाजाने मोजली आहे. त्यांचे चषक हवे असतील तर त्यांच्या गल्ल्याही बघाव्या लागतील.

माझं मत तिसरं आहे. आपल्याकडे सगळं जमून बसलंय ते ४.५ मिलिमीटरवर, तर वेगही तिथेच शिकवावा. पाच छऱ्यांचं एअर पिस्तूल अस्तित्वात आहे. स्टायर कंपनी ‘एलपी ५०’ नावाने ते बनवते. ऑलिंपिकच्या नेमबाजी महासंघाच्या नियमपुस्तकात १० मीटरवर पाच पडणारी लोखंडी लक्ष्यं ठरावीक सेकंदांत पाडायचा प्रकार होताच, तो ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून कुणी वाढवला नाही. कायद्याने परवाना नको, जागा तीच १० मीटरची, मागचा सापळा तोच. बंगळूरच्या अकादम्यांनी आठवड्याचा एक दिवस यासाठी ठेवला तर तीन-चार वर्षांत या शहरात चार सेकंदांच्या तालावर मारणारी मुलं तयार होतील. गुण भागिले वेळ हा हिशेबही छऱ्यांवर शिकवता येतो. धावणं आणि होल्स्टर सोडून बाकी सगळं येतं. ही मुलं पुढे २५ मीटरवर गेली तर रॅपिड फायरला सैन्याबाहेरचा पुरवठा सुरू होईल. प्रॅक्टिकलला गेली तरी पाया हातात असेल.

राज्य संघटनांनी याच्या पुढची पायरी मागायची आहे ती क्लबच्या नावावरच्या शस्त्रांची. व्यक्तीला नको, घरी नको, संघटनेच्या तिजोरीत १० सेंटर फायर पिस्तुलं आणि वर्षाचा ठरलेला काडतूस कोटा. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या संघटनांनी ही मागणी एकत्र केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता अधिक, कारण पिस्तुलाची पदकं दोन्हीकडे आहेत आणि २५ मीटरच्या सरकारी रेंजही पश्चिम महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूर बंगळूरहून एका रात्रीचं अंतर आहे.

बंगळूरमधल्या मराठी घरांतून पॅरिसनंतर मुलांना नेमबाजीत घालायची चौकशी वाढल्याचं क्लबवाले सांगतात. त्या आई-बाबांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिले सहा महिने क्लबच्या भाड्याच्या पिस्तुलावर जाऊ द्या, स्वतःचं लगेच घेऊ नका. फी विचारण्याआधी प्रशिक्षकाला विचारा की त्याच्याकडची मुलं २५ मीटरचा सराव कुठे करतात. उत्तर ‘पुढे बघू’ असं आलं तर समजून घ्या. आणि शेवटचं, राज्य संघटनेचं सदस्यत्व वेळेत काढा. मावळंकर स्पर्धेच्या प्रवेशिका राज्य संघटनेमार्फतच जातात, आणि मुदत उलटल्यावर गुणपत्रिका कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.